पद्मिनीचं सस्पेन्शन: खाऱ्या हवेत, तीस हजारांत

बाबांनी १९८६ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी गोव्यात फोंड्याच्या घरी मागीलदारी छपराखाली सहा वर्षं उभी होती. इंजिन सुरू करून घेतलं, ब्रेक करून घेतले आणि पहिल्याच फेरीत कळलं की खरी दुखणी खाली आहेत. प्रत्येक गतिरोधकावर पुढून ‘ठक्क’ आवाज यायचा. वळणावर पुढचा भाग वळून जायचा आणि मागचा मागाहून यायचा. स्टिअरिंग जरा सैल सोडलं की गाडी डावीकडच्या गटाराची वाट धरायची. दोन गॅरेजांत विचारलं, दोन्हीकडे एकच उत्तर मिळालं: सगळं नवीन घाला. माझ्याकडे या कामासाठी ३०,००० रुपये होते, त्यात ‘सगळं’ बसत नव्हतं. मग एका म्हाताऱ्या मेस्त्रींनी गाडीखाली डोकावून सांगितलं, “बदलूं नाकात. आधी काय हालता तें पळयात.” बदलू नका, काय हलतंय ते आधी बघा. पुढचं सगळं काम त्या वाक्यावर झालं.

सस्पेन्शन (चाकं आणि बॉडी यांच्यामधली, झटके झेलणारी रचना) म्हटलं की डोळ्यांसमोर स्प्रिंग येते. पण चाळीस वर्षांच्या गाडीत स्प्रिंग सहसा जिवंत असते, सांधे मेलेले असतात. रबरी बुश (सांध्यात बसणारी नळी), किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं तो उभा खिळा), शॅकल (पाट्याच्या स्प्रिंगचं टोक झुलतं ठेवणारी कडी), आर्मचे (चाक धरणाऱ्या दांड्यांचे) शाफ्ट, जिथे दोन लोखंडं एकमेकांवर फिरतात किंवा रबरावर वळतात तिथे झीज होते. पैसे थोडे असतील तर ते या सांध्यांवर खर्च करायचे आणि मोठ्या वस्तू मोजून, साफ करून परत लावायच्या.

पद्मिनी म्हणजे मूळची फियाट ११००. आपल्याकडे १९६४ साली ती ‘डिलाइट’ झाली, १९७३ला ‘प्रेसिडेंट’ आणि १९७४ला ‘पद्मिनी’. पुढे दोन्ही बाजूंना वरचा आणि खालचा आर्म, कॉइल स्प्रिंग, किंगपिन आणि दोन्ही चाकांना जोडणारा स्टॅबिलायझर बार. मागे अखंड ॲक्सल, पाट्यांच्या स्प्रिंगवर बसवलेला. वेगळी चॅसी नाही, बॉडीचा पत्राच सगळा भार घेतो. गोव्यात ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची ठरते, तिच्याकडे येतोच. तुमच्याकडे ॲम्बेसेडर असेल तर पुढच्या स्प्रिंगचा भाग तुम्हाला लागू नाही, तिच्यात कॉइलऐवजी टॉर्शन बार असतो. बाकी पद्धत तीच.

आधी मोजा

पाना हातात घेण्याआधी एक संध्याकाळ मोजमापाला द्या. गाडी सपाट जागी हवी, आणि आपल्या अंगणांत सपाट जागा क्वचितच असते. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घेऊन चारही चाकांखालची पातळी बघा, जिथे कमी असेल तिथे पत्रा किंवा प्लायवूडचा तुकडा घाला. चारही टायरांत हवा सारखी भरा. मग प्रत्येक चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. डावं-उजवं ५ ते ६ मिलिमीटरने वेगळं असेल तर काळजी नको. माझ्या गाडीत पुढचा उजवा कोपरा डाव्यापेक्षा १८ मिलिमीटर खाली होता. बाबा बहुतेक वेळा एकटेच गाडीत असायचे, चालकाच्या बाजूची स्प्रिंग सगळं आयुष्य जास्त भार घेत आली होती.

टायरही बघून घ्या. फक्त आतली किंवा फक्त बाहेरची कड झिजली असेल तर कॅम्बर (चाकाचा उभा कल) किंवा आर्मचे बुश बिघडलेले असतात. रबरावर करवतीसारखे दात उठले असतील तर टो-इन (पुढच्या चाकांची तोंडं किंचित आत वळलेली असणं) चुकलेलं असतं. जागोजागी खळगे पडले असतील तर शॉकॲब्सॉर्बर संपलेले.

गाडी उचलताना

गोव्यात गाडी उचलून ठेवायची म्हटलं की सगळे चिरे आणतात. अंगणात पडलेले असतात, आकार चौकोनी, उंची बरोबर. हे कधीही करू नका. चिरा म्हणजे जांभा दगड, आतून सच्छिद्र. तो भिंतीत शंभर वर्षं टिकतो कारण तिथे भार पसरलेला असतो. ॲक्सलच्या एका बिंदूवर पावणेतीनशे किलो आले की तो काही न सांगता दुभंगतो. माझ्या लहानपणी शेजारच्या वाड्यावर (वस्तीवर) एका माणसाचा हात असाच गेला. दोन चांगले ॲक्सल स्टँड विकत घ्या, पहिले पैसे तिथेच घाला. स्टँड मिळेपर्यंत जाड, कोरड्या लाकडाचे ओंडके आडवे-उभे रचून चालतील, चिरा नाही. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोकंसुद्धा घालायचं नाही. जी चाकं जमिनीवर असतील त्यांना पुढून-मागून अडण लावा.

काय हलतंय

पुढचं एक चाक जमिनीपासून दोन बोटं वर घ्या. एक हात टायरच्या माथ्यावर, एक तळाशी, आणि जोरात हलवा. चाक खडखडलं तर दोन शक्यता असतात: चाकाचं बेअरिंग किंवा किंगपिन. दोन्हीचा आवाज सारखाच येतो आणि अनेकांचे पैसे इथेच वाया जातात. उपाय साधा आहे. कुणाला तरी आत बसवून ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेकमुळे ड्रम मागच्या प्लेटला जखडला जातो, बेअरिंगचा खेळ बंद होतो. आता आवाज गेला तर बेअरिंग, राहिला तर किंगपिन. माझ्याकडे डावीकडे नुसतं बेअरिंग सैल होतं. ते साफ करून, नवं ग्रीस भरून, नट बरोबर कसल्यावर गेलं, खर्च शून्याच्या जवळ. उजवीकडे मात्र किंगपिन खरोखरच झिजलेली निघाली.

नंतर चाक डावी-उजवीकडे धरून हलवा. इथे खेळ असेल तर स्टिअरिंगचे बॉल जॉइंट आणि आयडलर (स्टिअरिंगच्या दांड्याला दुसऱ्या बाजूने आधार देणारा भाग) बघायचे. मग खाली जाऊन लांब पहार किंवा मजबूत स्क्रू-ड्रायव्हर आर्म आणि क्रॉसमेंबर (पुढची आडवी तुळई) यांच्यामध्ये घालून हलकेच उचका. निरोगी रबर दबतं आणि परत येतं. मेलेलं रबर नुसतं हलतं, त्यातून काळा भुगा पडतो. मागे शॅकल आणि पाट्याच्या पुढच्या डोळ्यातल्या (टोकाच्या गोल भोकातल्या) बुशची अशीच परीक्षा घ्या. गाडीचा मागचा भाग वळणावर उशिरा येत होता त्याचं कारण तिथेच सापडलं: बुशांचं रबर जवळजवळ उरलंच नव्हतं.

शॉकॲब्सॉर्बरसाठी एक कोपरा दाबून सोडा. गाडी वर येऊन एकदाच खाली बसली पाहिजे. ती डोलत राहिली, किंवा नळीवर तेलाचे ओघळ दिसले, तर तो गेला. बंद नळीचे शॉक दुरुस्त करून देतो म्हणणारे भेटतात. माझ्या मते त्यात पैसे घालू नयेत. नवे घ्या, आणि एका ॲक्सलचे दोन्ही एकदम घ्या.

आधी पत्रा

सस्पेन्शन कितीही चांगलं केलं तरी ते ज्या पत्र्याला लटकतं तो कुजका असेल तर सगळं व्यर्थ. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस, समुद्रावरची खारी हवा आणि लाल माती, ही तिन्ही मिळून मडगार्डच्या आत एक ओला लेप तयार करतात. तो मे महिन्यातही आतून दमट असतो. मागच्या पाट्यांचे बॉडीवरचे आधार, विशेषतः पुढचा, पाण्याच्या जोराने धुऊन कोरडे होऊ द्या. मग छोट्या हातोडीने ठोकत जा. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला भदभद वाजतो. शंका वाटली की स्क्रू-ड्रायव्हर टोचा. आत गेला तर तो पत्रा कापून नवा जोडावा लागेल. वरून डांबर किंवा फायबर थापून भागत नाही.

हे वेल्डिंग सीओटू मशीनवर (वायूच्या आवरणात तार वितळवणाऱ्या) करून घ्या. साध्या आर्क वेल्डिंगने पातळ पत्रा जळतो आणि कडेला ठिसूळ होतो. बॅटरीची वायर काढा, पेट्रोलची टाकी काढून लांब ठेवा. माझ्या ३०,०००पैकी ७,००० इथे गेले. हा खर्च मी धरलाच नव्हता, पण आज पुन्हा हिशेब मांडला तरी सर्वांत आधी इथेच देईन.

पुढची बाजू खोलताना

एका वेळी एकच बाजू खोला. दुसरी बाजू तुमचा नकाशा असते, कुठला वॉशर कुठल्या तोंडाने होता हे तिथे जाऊन बघता येतं. नटांवर आठवडाभर आधीपासून रोज संध्याकाळी गंज सोडवणारं तेल सोडा. आमच्याकडचे नट गंजाने इतके एकजीव झालेले असतात की घाई केली की बोल्टच तुटतो. तरीही नाही निघाला तर गॅसने नट तापवा, बोल्ट नाही, आणि ब्रेकचा रबरी होज लांब बांधून ठेवा. आर्मच्या शाफ्टमागे पातळ पत्र्याच्या शिम निघतील. त्या ज्या बोल्टवर जितक्या होत्या तशाच तारेत ओवून चिठ्ठी बांधा. चाकाचा कोन त्या शिमांनी ठरतो. त्या मिसळल्या की पुढचे दोन दिवस गेलेच.

आता कॉइल स्प्रिंग. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये माणूस मारण्याइतकी ताकद असते. जॅकने खालचा आर्म धरून हळूहळू सोडणं ही रोजची पद्धत अनुभवी हातांत ठीक आहे. पहिल्यांदा करणाऱ्याने स्प्रिंग कॉम्प्रेसर भाड्याने किंवा उसना आणावा, स्प्रिंगच्या वेटोळ्यातून जाड साखळी ओवून ती क्रॉसमेंबरला बांधावी, आणि स्प्रिंगच्या समोर कधीही उभं राहू नये. बाजूला राहा.

स्प्रिंगा बाहेर आल्या की शेजारी-शेजारी उभ्या करून उंची मोजा. माझ्या दोन्हींत ९ मिलिमीटरचा फरक होता. तडा नसेल, गंजाने खड्डे पडले नसतील, तर नव्या घेऊ नका. दोन्ही बाजूंना एकच स्प्रिंग लागत असेल तर डावी उजवीकडे आणि उजवी डावीकडे टाका. उरलेला फरक लेथवर करून घेतलेल्या कड्याने किंवा जाड रबरी बैठकीने भरून निघतो. गाडी खाली दिसावी म्हणून स्प्रिंगचं वेटोळं कापण्याचा मोह अनेक तरुणांना होतो. कापलेली स्प्रिंग कडक होते, तिची बैठक बिघडते, आणि आपल्या गतिरोधकांवर गाडीचं पोट घासतं. कापू नका.

हबचा (चाक जिथे बसतं तो) भाग खोलून ठेवताना तो ब्रेकच्या होजवर लोंबकळू देऊ नका, तारेने वर बांधा.

किंगपिन

या कामात कौशल्य लागतं ते इथे. पिन आणि दोन बुश असा संच अजून मिळतो. मुंबईत पद्मिनी टॅक्सींची शेवटची नोंदणी ऑक्टोबर २००३मध्ये झाली आणि २० वर्षांची मुदत संपून त्या २०२३च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरून गेल्या. इतकी वर्षं हजारो टॅक्सी चालत होत्या म्हणून कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि ऑपेरा हाउस भागातल्या दुकानांत माल शिल्लक आहे. फोनवर माप सांगून मागवता येतो. मात्र ‘पद्मिनीचा’ एवढंच सांगून मागवू नका. जुन्या भागाचा आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि लांबी व्हर्नियरने तीन-तीन ठिकाणी मोजून सांगा, शक्य असेल तर पट्टीसकट फोटो पाठवा. मी पहिल्यांदा नुसतं नाव सांगितलं आणि ज्या दुकानातून मागवलं त्यांनी दुसऱ्याच मापाचे बुश पाठवले. परत पाठवण्याचा खर्च माझ्यावर आला.

नवे बुश बसवण्याआधी रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. थंडीने पितळ किंचित आकसतं आणि प्रेसमध्ये सरळ जातं, हातोडी लागत नाही. बुशावरचं ग्रीसचं भोक नकलच्या (किंगपिनवर वळणाऱ्या, चाक धरणाऱ्या भागाच्या) निपलसमोर, म्हणजे ग्रीस भरायच्या तोंडासमोर, आलं पाहिजे. ते चुकलं तर वरून कितीही ग्रीस भरा, आत पोचणार नाही आणि वर्षभरात पिन पुन्हा झिजेल. आत बसल्यावर बुश जरा आवळतो, म्हणून रीमर (भोक मापात कापणारं हत्यार) फिरवावा लागतो, तोही असा की वरचा आणि खालचा बुश एकाच रेषेत कापले जातील. हे काम घरी करू नका. चांगला लेथवाला शोधा आणि समोर उभे राहा. तेल लावलेली पिन अंगठ्याच्या दाबाने सरकत गेली की माप बरोबर. आपोआप खाली पडली तर जास्त कापलं.

रबर

रबराला खनिज तेल किंवा साधं ग्रीस लावून बसवणारे सर्रास दिसतात. त्याने रबर फुगतं आणि मऊ पडून फाटतं. साबणाच्या पाण्याने किंवा ग्लिसरीनने बसवा.

जे बुश मिळणार नाहीत ते मापाने जुळणाऱ्या दुसऱ्या गाडीचे घेता येतात, लेथवर पॉलियुरेथेनच्या दांड्यातून करूनही मिळतात. पॉलियुरेथेन टिकतं जास्त, पण रस्त्याचा प्रत्येक खडा बॉडीत पोचवतं. स्टॅबिलायझर बारला आणि शॅकलला मी ते वापरलं. आर्मना रबरच ठेवलं, कारण ही गाडी तिच्या मऊ चालीसाठी ओळखली जाते आणि ती चाल मला घालवायची नव्हती.

बोल्ट घेताना पद्मिनीवाल्यांचं एक नशीब आहे: गाडी मूळची इटालियन, आटे मेट्रिक. कुठल्याही चांगल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ लिहिलेलं बघून घ्या, जुन्या बोल्टवर जो आकडा असेल त्यापेक्षा कमी नको. गंजाला कंटाळून गोव्यात लोक स्टेनलेसचे बोल्ट लावतात. दरवाजाला, बंपरला लावा. सस्पेन्शनला नाही. बाजारात मिळणारं नेहमीचं स्टेनलेस ८.८पेक्षा कमी ताकदीचं असतं आणि कसताना आट्यांतच धरून बसतं. कॉटर पिन प्रत्येक वेळी नवी.

मागचे पाटे

पाट्यांसाठी मी डिचोलीकडे गेलो. खाणींच्या टिपरांनी त्या पट्ट्यात पाट्यांचं काम जाणणारे कारागीर घडवले. २०१२ आणि २०१८मध्ये खाणी थांबल्या, अनेकांचं काम आटलं, पण हात अजून आहेत. माझ्या छोट्या गाडीचे पाटे बघून तिथल्या कारागिराने एक-एक पाटा सुटा केला, दोन्ही बाजूंच्या जोड्या जमिनीवर मांडल्या आणि कमान दोरीने मोजली. एका बाजूचा तिसरा पाटा तडकलेला निघाला. तेवढा एक बदलला, बाकीच्यांना थंड अवस्थेतच ठोकून कमान दिली.

इथे स्वतः लक्ष ठेवा. गॅसच्या ज्योतीने पाटा एका जागी लाल करून वाकवला तर कमान त्याच दिवशी सुंदर दिसते, पण त्या जागेचं पाणी (पोलादाला दिलेला कडकपणा) उतरतं आणि काही महिन्यांत पाटा तिथेच बसतो किंवा मोडतो. तापवायचंच असेल तर अख्खा पाटा भट्टीत तापवून पुन्हा तेलात पाणी द्यावं लागतं, ते सर्वांना जमत नाही. कमान मूळच्यापेक्षा जास्तही मागू नका. मागची बाजू उंच झाली की गाडी हलकी पळते आणि ब्रेक मारताना तोंडावर पडते.

पाटे घासून, मध्ये ग्रॅफाइट ग्रीस लावून, नवा सेंटर बोल्ट आणि नवे यू-बोल्ट (पाटे ॲक्सलला आवळणारे) घालून बसवले. यू-बोल्ट एकदा ताणले गेले की पुन्हा वापरू नयेत. खर्च किरकोळ असतो.

सुटे झालेले आर्म आणि प्लेटा ग्राइंडरच्या वायर ब्रशने उघड्या लोखंडापर्यंत घासा, फॉस्फॉरिक आम्ल असलेलं गंजरोधक लावा, मग प्रायमर आणि काळा इनॅमल. पावडर कोटिंग दिसतं छान, पण खाऱ्या हवेत त्याखाली गंज लपून वाढतो. इनॅमलवर गंज आला की लगेच दिसतो आणि ब्रशने सुधारता येतो.

कसण्याची वेळ

नव्या रबराचे बोल्ट गाडी हवेत असताना पूर्ण कसले की काम फुकट जातं. रबरी बुश आत-बाहेर दोन्हीकडून पकडलेला असतो, तो फिरत नाही, पिळवटतो. चाक लोंबकळत असताना कसला तर गाडी जमिनीवर येताच तो कायमचा पिळलेला राहतो. तो लवकर फाटतो आणि गाडीची उंचीही बिघडते. म्हणून सगळे बोल्ट हाताने, जरा सैल लावा. गाडी चाकांवर उतरवा. पुढे-मागे चार-पाच वेळा ढकला, प्रत्येक कोपरा दाबा. आत चालकाइतकं वजन ठेवा. आम्ही तांदळाची पोती ठेवली. मग खाली शिरून, किंवा चाकांखाली मजबूत फळ्या देऊन जागा करून, कंपनीच्या वर्कशॉप पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने (कसण्याच्या जोराने) टॉर्क पान्यानेच कसा.

टो-इन घरी आधी दोरीने बघता येतं. मागच्या चाकापासून पुढच्यापर्यंत दोन्ही बाजूंना हबच्या उंचीवर दोरी ताणायची, पुढच्या टायरच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून तिचं अंतर मोजायचं. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलची रुंदी वेगळी असल्यामुळे दोऱ्या गाडीच्या मध्यरेषेला समांतर आहेत ना, ते आधी पक्कं करा. एवढ्याने गाडी अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत टायर न घासता जाते. दुकानात पद्मिनीचे आकडे मशीनमध्ये नसतील, पुस्तिकेतलं पान सोबत न्या.

पहिल्या दिवशी वाड्यातल्या वाड्यात, वीसच्या वेगाने. दुसऱ्या दिवशी फर्मागुडीचा चढ-उतार. १०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट आणि चाकांचे बोल्ट पुन्हा तपासा, माझे यू-बोल्ट पाव आटा सैल झाले होते. ५०० किलोमीटरनंतर सगळंच पुन्हा, आणि चारही कोपऱ्यांची उंची पुन्हा लिहा. माझ्याकडे आता पुढे ४ मिलिमीटरचा फरक उरलाय. तो मी तसाच ठेवलाय. एकूण खर्च २९,४०० झाला.

ग्रीस निपलांना दर १,५०० किलोमीटरला ग्रीस द्या, पावसाळ्यात त्याहूनही लवकर. निपल पुसून मगच गन लावा, नाहीतर लाल माती ग्रीससोबत आत जाते. जुनं काळं ग्रीस बाहेर पडून स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत दाबत राहा. चवथीनंतर (गणेशचतुर्थीनंतर) पाऊस ओसरला की मडगार्डच्या आतला चिखल पाण्याच्या जोराने काढा, पाट्यांचे आधार पुन्हा हातोडीने ठोकून बघा, आणि इनॅमलचा अर्धा डबा आणि ब्रश हाताशी असू द्या.